रक्त पिणाऱ्या सरदाराचे वाचक

आमच्या घरात दोन कढया होत्या. एक लोखंडाची, आईच्या लग्नातली, बुडाशी इतकी जाड की ती उचलताना आईचा हात हलायचा. दुसरी जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, हलकी, कडेला चेपलेली. एकाच दिवशी एकच भाजी आई कधी कधी दोन्ही कढयांत वेगवेगळी करायची. नवीन माणसाला हे विचित्र वाटे. जर्मनच्या कढईतली भाजी उजूची. उजू माझी धाकटी बहीण, नाव उज्ज्वला. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नसे. थॅलेसेमिया हा शब्द आमच्या घरात मी बाराखडीच्या जवळपास शिकले. दर तीन आठवड्यांनी तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात नेऊन दुसऱ्याचं रक्त चढवावं लागायचं. त्या रक्ताबरोबर येणारं लोह शरीरात साठत जातं आणि बाहेर पडत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवणातून तरी लोह कमी जाऊ द्या. लोखंडाची भांडी नकोत, गूळ नको, पालेभाजी बेताची, आणि जेवणाबरोबर चहा द्या. चहानं म्हणे लोह अंगी लागत नाही. बेलवलीच्या आमच्या आळीत हे कुणाला पटत नसे. फिकट पोर दिसली की बायका पालकाच्या जुड्या नि बीट घेऊन यायच्या. आई सगळं घ्यायची, चहा पाजायची आणि तो पालक लोखंडाच्या कढईत टाकायची. तो उजूसाठी नसे. तो असे रक्त देऊन आलेल्या माणसासाठी.

दवाखान्यात एक बाटली ठेवली की एक बाटली मिळे. आमच्या तिघांपैकी कुणाचंच रक्त चालत नव्हतं. उजूच्या अंगात जो दोष पुरा होता तो आई, बाबा आणि माझ्या अंगात थोडा थोडा होता. तपासणारी बाई माझं बोट टोचून बघायची आणि मान हलवायची. मी तीन वेळा प्रयत्न केला. म्हणून बाबा अंबरनाथच्या कारखान्यातल्या आपल्या सोबत्यांना विचारत. बाबा रोज सायकलनं कामावर जायचे, आणि मला वाटतं सायकलवर बसल्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत ते एवढाच विचार करत असतील, की या वेळी कुणाला विचारावं. जो देई तो त्या दिवशी आमच्याकडे जेवायला येई. हा आईचा नियम होता. कोपराच्या आत कापसाचा बोळा आणि त्यावर चिकटपट्टी लावलेला पाहुणा चटईवर बसला की आई लोखंडाच्या कढईतली कलेजी, पालक, बाजरीची भाकरी, वर गुळाचा खडा असं ताट पुढे ठेवी. बाबा समजावून सांगायचे की त्या माणसाचंच रक्त उजूला मिळतं असं काही नसतं, रक्तपेढीत ते कुठल्या कुठे जातं. आईला ते मान्य नव्हतं. कुणाचं रक्त आलं की उजूला काय खावंसं वाटतं यावर ती पैज लावायची. एकदा बाबांच्या खात्यातल्या सिंधी फोरमननं रक्त दिलं आणि चार दिवसांनी उजूनं पापड मागितला, तेव्हा आईनं बाबांकडे असं पाहिलं, की बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

मी आता हे लिहिते आहे त्या घरात कढई एकच आहे, आणि ती नॉनस्टिक आहे. लोखंडाची मी माळ्यावर ठेवली आहे. टाकवत नाही.

उजू बडबडी नव्हती, पण मुकीही नव्हती. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी उल्हासनगरच्या कॉलेजात जायचे आणि ती बरेच दिवस घरी असायची. दारासमोर विहीर, तिच्या रहाटाचा आवाज, आईच्या स्टोव्हचा आवाज, रविवारी विहारातून येणारे वंदनेचे सूर, आणि जांभळांच्या दिवसांत टोपल्या घेऊन दारावर येणाऱ्या पाड्यावरच्या बायकांच्या हाका, एवढ्यावर तिचे दिवस जात. रक्त चढवून आली की पहिला आठवडा ती विहिरीवरून कळशी आणायची आणि मुद्दाम दोन घरं वळसा घालून यायची, लोकांनी बघावं म्हणून. दुसऱ्या आठवड्यात कळशीची जागा तांब्या घेई. तिसऱ्या आठवड्यात ती उंबऱ्यावर बसून मला विचारायची, "ताई, आज काय आणलंस?" म्हणजे पुस्तक.

पुस्तकं मी शेंडेबाईंच्या वाचनालयातून आणायचे. शेंडेबाई निवृत्त शिक्षिका. बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे वाचनालय. एका कुटुंबाला एक क्रमांक, आमचा त्रेसष्ट. त्यांचा एक नियम होता, जो मी पुढे कुठल्याच वाचनालयात पाहिला नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक रेघांचा कागद चिकटवलेला असे. पुस्तक परत करताना त्यावर पेन्सिलीनं आपला क्रमांक घालायचा आणि पुस्तकाविषयी एक वाक्य लिहायचं. नाव लिहायचं नाही. वाक्य लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. "वाचलं म्हणजे काहीतरी वाटलंच पाहिजे. नसेल वाटलं तर नाही वाटलं असं लिहा," त्या म्हणायच्या. टेबलावर दोरीला बांधलेली पेन्सिल होती. लोक कंटाळत, पण लिहीत. "बरं आहे", "अक्षर बारीक", "शेवटची चार पानं नाहीत, कुणी फाडली त्यानं आणून द्यावी". मला तो कागद पुस्तकापेक्षा आधी वाचायची सवय लागली होती.

त्या पुस्तकाचं नाव मला आजही माहीत नाही. पहिली सहा पानं गेलेली होती, शेंडेबाईंनी त्याला लाल कापडाची बांधणी केली होती, आणि सगळे त्याला लाल पुस्तक म्हणत. त्यात डोंगरावरच्या गढीत राहणारा एक सरदार होता. तीनशे वर्षं जगलेला, शापित, माणसाचं रक्त प्यायल्याशिवाय जगू न शकणारा. वाट चुकलेल्या पाहुण्याला तो आत घेई, चांदीच्या ताटात जेवू घाली, त्याच्या गावाची, आईची चौकशी करी, आणि पाहुणा झोपला की त्याचं रक्त पिई. पण लिहिणाऱ्यानं त्याला असा लिहिला होता, की भीती वाटण्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटे. ज्यांचं रक्त प्यायला त्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ होतं. सकाळ व्हायच्या आधी तो ती नावं एकेक करून म्हणे, तीनशे वर्षांची. शेवटी एक मुलगी सगळं जाणून आपला हात त्याच्यापुढे धरते. तो उपाशी असतो, थरथरत असतो. तो तोंड फिरवतो, पूर्वेची खिडकी उघडतो आणि ऊन येईपर्यंत तिथेच बसून राहतो.

मी ते दोन दिवसांत वाचलं. परत करायला गेले तेव्हा टेबलावर मला हवं असलेलं दुसरं पुस्तक दिसत होतं आणि माझ्यामागे एक गृहस्थ त्याच्याकडे बघत उभे होते. कागदावर आधीची वाक्यं होती. एकोणतीस क्रमांकानं लिहिलं होतं, "भयानक. रात्री वाचू नये." बारा क्रमांकाला मुलीचं पुढे लग्न कुणाशी झालं ते हवं होतं. चौऱ्याऐंशी क्रमांक म्हणत होता, "सरदाराची दया येते, पण दया दाखवून चालत नाही." एक्कावन्न क्रमांकाचं अक्षर टोकदार, प्रत्येक शब्दावर जोर दिलेलं: "दुसऱ्याच्या रक्तावर जगण्यापेक्षा मरण बरे, हा बोध तरुणांनी घ्यावा." मी दोरीची पेन्सिल ओढली आणि घाईघाईत लिहिलं, "६३: रक्त नाकारलं त्या क्षणी तो माणूस झाला." मला ते वाक्य आवडलं. शेंडेबाईंनाही आवडलं असावं, कारण त्यांनी ते वाचून मान डोलावली. घरी येईपर्यंत मी ते मनात दोन-तीनदा म्हटलंही होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य मी लिहून आले आहे असं मला जराही वाटलं नाही. आमच्या घरात मी जन्मभर ज्या गोष्टीच्या शेजारी जेवले, झोपले, ती आणि ते पुस्तक यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसांचं असं होतं. मी पुढे पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आणि हे मुलांना कधी सांगू शकले नाही.

लसूण सोलता सोलता मी उजूला गोष्ट सांगितली आणि तिनं पुस्तकच मागितलं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. शेंडेबाईंनी पुस्तक पुन्हा आमच्याच क्रमांकावर लिहून दिलं. उजूनं ते सावकाश वाचलं, पाच-सहा दिवस. वाचताना ती मध्येच थांबून आईकडे बघायची. मला वाटलं, घाबरली असेल.

त्या गुरुवारी तिला रक्त चढवायला न्यायचं होतं. मंगळवारी ती म्हणाली, मी येणार नाही. आईला वाटलं सुई नको असेल. हाताच्या शिरा आता सापडत नसत, चार-चार वेळा टोचावं लागे. आईनं समजूत काढली, बाबांनी सायकलवरून गावदेवीच्या जत्रेला न्यायचं कबूल केलं, मग रागावून पाहिलं. उजू ओरडली नाही, रडली नाही. फक्त नाही म्हणत राहिली. गुरुवार गेला. तिला उचलून नेता आलं असतं, पण बाबांनी तिला आजवर कशासाठीही ओढत नेलं नव्हतं आणि तेव्हाही त्यांचा हात उठेना. शनिवारपर्यंत तिचे ओठ पिठासारखे झाले. उंबऱ्यापासून चटईपर्यंत यायला तिला भिंत धरावी लागे. आई स्टोव्हला पंप मारायची आणि मध्येच थांबून तिचा श्वास ऐकायची. डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं, फार उशीर झाला तर हृदयावर ताण येतो. बाबा सायकल दारात उभी करून पुन्हा आत येत आणि काहीतरी विसरल्यासारखं करून तिच्याकडे बघून जात.

रविवारी सकाळी मी लाल पुस्तक परत करायला काढलं. तो मागचा कागद उघडला तर माझ्या वाक्याखाली नखानं ओढलेली एक रेघ होती. मी तो कागद हातात धरून उभी असताना उजू चटईवरून माझ्याकडे बघत होती.

"तूच लिहिलंयस ना?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ते पुस्तकातल्या माणसाबद्दल आहे.

"आपण पण जेवायला घालतो, ताई. त्याच्यासारखंच. कलेजी, गूळ. त्यांच्या आईची चौकशी करतो." तिला दम लागला, ती थांबली. "सगळ्यांनी तेच लिहिलंय. सगळे शहाणे लोक आहेत. तू पण. मग मी काय करू?"

मी एवढंच म्हणू शकले, की ते लिहिताना तू माझ्या मनात नव्हतीस.

"तेच तर," उजू म्हणाली. "मी मनात नव्हते म्हणजे खरं लिहिलंस."

मी रबर आणलं. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि मला ते वाक्य खोडू दिलं नाही. मी आईला काही सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाआड मी बसून राहिले. इतकी पुस्तकं वाचली होती आणि चौदा वर्षांच्या मुलीला दवाखान्यात जा म्हणण्याइतकंही त्यांतून मला काही काढता येत नव्हतं.

दुपारी फाटकाचा आवाज झाला. तुळशीराम मामा आले होते. मामा म्हणजे बाबांच्या कारखान्यात माल उचलणारे, बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. काळे, बारीक, हसले की एक दात नसलेली जागा दिसायची. गुरुवारी त्यांचंच रक्त ठरलं होतं. बाबांनी निरोप दिला होता की गुरुवार रद्द, पण तो मामांपर्यंत अर्धाच पोचला. त्यांना वाटलं गुरुवारऐवजी रविवार. ते सकाळीच पाड्यावरून निघून, उल्हासनगरला जाऊन, एकटे रक्त देऊन, चिकटपट्टी लावून जेवायला आले होते. आईच्या तोंडचं पाणी पळालं. घरात कलेजी नव्हती, पालक नव्हता. तिनं लोखंडाची कढई ठेवली, त्यात सुकट आणि कांदा परतला, आणि तिचे डोळे सारखे ओघळत होते ते कांद्यानं असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

मामा चटईवर बसले. समोर उजू. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "का गं, गेली नाय?" त्यांनी विचारलं. "मी तर ठेवून आलो."

पाहुण्यानं विचारलं तर उत्तर द्यायचं असतं. उजूनं त्यांना सगळी गोष्ट सांगितली. दम घेत घेत, पण काहीही न गाळता. गढी, चांदीची ताटं, नावं, ती मुलगी, तिचा हात, खिडकी. मामांना वाचता येत नव्हतं आणि बहुधा कुणी त्यांना इतकी लांब गोष्ट सांगितलीही नव्हती. ते जेवायचे थांबले. सरदार नावं म्हणतो तिथे त्यांनी मान खाली घातली. शेवट ऐकल्यावर त्यांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, "गढीखाली गाव व्हता ना? घरं किती?"

उजू गोंधळली. पुस्तकात एक ओळ होती, तिला ती आठवली. "चाळीस," ती म्हणाली.

"चाळीस घरं," मामा म्हणाले. त्यांनी सुकटीचा हात ताटाच्या कडेला पुसला आणि बोटांची पेरं मोजायला लागले. "म्हैन्याला एक घर धर. बारी लावली तर एका घराला तीन वरसांनी एकदा येती. तीन वरसांनी येक तांब्या रक्त. कोन मरनार हाय त्यानं?" त्यांच्या आवाजात चीड होती. त्या सरदाराविषयी नव्हे, गावाविषयी. "तीनशे वरसं तो वर उपाशी बसला नि खाली चाळीस घरं दारं लावून झोपली. एकानं तरी जाऊन इचारायचं, बाबा, किती लागतं तुला? आमच्या पाड्यावर आंधळी म्हातारी व्हती, कुनाची कुनी नाय. घराघरानं बारीनं भाकर दिली. बारा वरसं जगली. कुनाच्या घरात भाकर कमी पडली नाय."

"पण त्यानं नाही म्हटलं, मामा," उजू म्हणाली. "शेवटी. म्हणून तो चांगला."

"एकट्या पोरीचा हात म्हनून नाय म्हनला. ती एकली काय पुरनार त्याला?" मामांनी भाकरी पुन्हा हातात घेतली. "गाव आला असता तर नसता म्हनला. तो खुळा नव्हता." मग खाता खाता, जणू ही वेगळीच गोष्ट असल्यासारखं, ते म्हणाले, "तुझ्यापायी मला तीन म्हैन्यांनी येकदा कलेजी मिळती. आज ती पन नाय मिळाली."

आई रडता रडता हसली. उजू हसली नाही. ती मामांच्या कोपरावरच्या पट्टीकडे बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मामा, तुम्ही ठेवलेलं अजून असेल का तिथं?"

"मग कुटं जातंय? तुझंच हाय."

आई-बाबांनी त्याच पावली तिला नेलं. शेजारच्या माणसाची रिक्षा मिळाली. मी मागे धावत गेले आणि तिची चादर आत टाकली. दवाखान्यात डॉक्टर बाबांना खूप बोलले. बाबा सगळं ऐकत हसत होते, असं आई सांगायची.

हे लिहिताना मी थांबले आणि खिडकीशी जाऊन आले. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं इतक्या जुन्या गोष्टीनं हलून जाऊ नये. पण मला अजून आश्चर्य वाटतं. ते पुस्तक शेंडेबाईंच्या निम्म्या सभासदांनी वाचलं होतं. मास्तर, कारकून, पदवीधर. कुणी घाबरलं, कुणी रडलं, कुणी बोध घेतला, मी तर माणुसकीची व्याख्याच करून टाकली. गावात घरं किती, हे कुणीही विचारलं नाही. ते विचारायला वाचता न येणारा माणूस यावा लागला. विहाराच्या पायऱ्यांवर कधी कधी सगळं अंग हलकं होऊन माणूस गप्प बसतो, तसं त्या दुपारी माझं झालं. मी चटईवरचं मामांचं ताट उचललं आणि ते घासायला मला कितीतरी वेळ लागला.

बुधवारी उजूनं मला लाल पुस्तक दिलं. कागदावर तिनं घरीच लिहून ठेवलं होतं, दोन ओळी व्यापून: "६३ (दुसरी वाचक): गावात चाळीस घरं होती. बारी लावली असती तर कुणीच मेलं नसतं. हे मत तुळशीराम मामांचं आहे. मला पटलं." शेंडेबाईंनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, अभिप्राय सभासदाचाच लागतो, बाहेरच्याचा घेता येत नाही. मी खाली मान घालून उभी राहिले. मग त्यांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं, मामांचं पूर्ण नाव विचारलं, त्यावर एकशे अठ्ठावीस हा क्रमांक घातला आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. मामांनी ते वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात बाळगलं. कारखान्यात कुणी चेष्टा केली की ते काढून दाखवायचे. त्यांनी एकही पुस्तक कधी नेलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात "या वेळी कुणाची बारी?" असंच म्हणायची पद्धत पडली. आणि उजूनं आपला एक नियम आईच्या नियमाला जोडला. रक्त देऊन जेवायला आलेल्या प्रत्येकाला ती लाल पुस्तकाची गोष्ट सांगायची आणि त्याला काय वाटलं ते ऐकायची. ताट वाढून झालं की ती समोर मांडी घालून बसे. फोरमनसाहेबांना सरदाराच्या दिवाणजीचा संशय आला. एका फिटरला चांदीची ताटं कुठं गेली याची काळजी लागून राहिली. दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवर उल्हासनगरच्या कॅम्पातला एक सिंधी मुलगा असायचा, त्याची आई लाजवंती आंटी. घरी लाटलेले पापड ती वॉर्डभर वाटायची. तिनं सगळी गोष्ट मुलाच्या पायावर हात ठेवून ऐकली आणि शेवटी एवढंच विचारलं, "सब ठीक है बेटा, लेकिन उसकी माँ किधर थी?" उजू घरी येऊन मला म्हणाली, ताई, हे पण कुणी लिहिलं नव्हतं.

आणखी सात वर्षं ती होती. लोह काढणारं औषध तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोचत नव्हतं, आणि चहानं किती अडणार? एकविसाव्या वर्षी, जांभळांच्या दिवसांत, तिचं हृदय थांबलं. त्या आठवड्यात बारी कुणाची होती ते मला आठवत नाही, पण तो माणूस रक्त देऊन आलेला होता. आईनं त्याला जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मामा पाड्यावरून पंचवीसएक माणसं घेऊन आले होते. त्यांतल्या कितीजणांनी तिच्यासाठी रक्त दिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते अंगणात बसून होते आणि एकेकजण आत येऊन तिच्या पायांना हात लावून जात होता. तिला ती सगळी नावं पाठ होती, हे मला ठाऊक होतं. शेवटच्या वर्षी झोप येईना तेव्हा ती ती नावं म्हणत पडलेली असायची.

शेंडेबाई गेल्यावर वाचनालय बरीच वर्षं बंद होतं. मागच्या वर्षी त्यांच्या भाच्यानं घर रिकामं करायला घेतलं आणि जुन्या सभासदांना कळवलं, हवी ती पुस्तकं घेऊन जा. मी गेले. बेलवलीत आता सगळ्या इमारती आहेत, विहीर बुजली आहे, वाट विचारावी लागली. लाल पुस्तक रद्दीच्या एका पोत्याच्या तळाशी होतं. मी उभ्यानंच मागचा कागद उघडला. तो कागद भरून त्याखाली दुसरा चिकटवला होता, त्याखाली तिसरा. उजूच्या दोन ओळींनंतर पुस्तकाविषयी कुणी फारसं लिहिलंच नव्हतं. एकोणतीस क्रमांकानं पुन्हा पुस्तक नेऊन लिहिलं होतं, "मी येईन." बाराचं, "आमच्या घरातून दोघं." चौऱ्याऐंशीचं, "पूर्वी लिहिलेले मागे घेतो. माझी बारी शनिवारी लावावी." मला माहीत नसलेले क्रमांक, दीडशेच्या पुढचे, नव्या वाचकांचे: "मी.", "मी पण.", "परीक्षा झाल्यावर." आणि ते टोकदार अक्षर: "५१: ही जागा पुस्तकाविषयी आहे, गप्पांसाठी नाही." त्याच्या पुढच्या पानावर, त्याच अक्षरात, बहुधा काही वर्षांनी, "५१: रविवार."

यांतल्या कुणालाही उजू माहीत नव्हती. शेंडेबाईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्या तशा नव्हत्या. ही सगळी माणसं त्या गढीवरच्या सरदाराला रक्त द्यायला तयार झाली होती. मी मोजायचं सोडून दिलं. पोत्याच्या कडेला बसले.

मग मी परत पहिल्या कागदावर गेले, माझ्या वाक्यापाशी. नखाची रेघ अजून होती. माझं अक्षर ठसठशीत, तरुण, स्वतःवर खूश: "रक्त नाकारलं त्या क्षणी तो माणूस झाला." त्याच्या शेजारी समासात काहीतरी बारीक लिहिलेलं होतं. ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या वर्षात उजूनं ते पुस्तक पुन्हा मागवलं होतं, ते मला आठवलं. तेव्हा तिचा हात कापत असे. पेन्सिल इतकी हलकी टेकवली होती की कागद उजेडाकडे तिरका धरावा लागला.

"तो आधीपासून होता, ताई."